दोन पातेल्यांचा भात

कापलेलं भात भिजलं की त्याला कुबट वास येतो. परवा कार्तिकात अवकाळी झाला, शेजारच्या खाचरातून तो वास घरात शिरला अन् लय वर्षांमागची गोष्ट आठवली. कुरवंडे गावात तेव्हा पहाटे गवतावर दव, दिवसा कोवळं ऊन, अन् आमचं अर्धं भात कापून खाचरात वाळत पडलेलं. बायको दारातून म्हणाली, “अवो, नागफणीच्या डोंगरावर ढग बसलाय. आजच भारे बांधून घरात आणू.” मी म्हणालो, “कार्तिकात पाऊस पडत न्हाई. तू चुलीकडं बघ.” संध्याकाळी धो धो कोसळला. उभं भात वाचलं, कापलेल्याला मोड आले. तिनं भिजलेलं वाळवून गिरणीतून काढून आणलं. पुढं पौषात मी एकदा रानातून लवकर घरी आलो, तर ती चुलीपाशी जेवत होती अन् तिच्या ताटात काळपट, वास मारणारा भात. माझा पांढरा भात दुसऱ्या पातेल्यात झाकून ठेवलेला. मी बघतच राहिलो, तशी म्हणाली, “मला चालतो हा. तुमी हात धुवा.” रोज दोन पातेली चढत होती अन् मला पत्ता न्हाई. माझं चुकलं, एवढं म्हणायला जीभ उचलली न्हाई. खाली मान घालून मी पांढरा भात जेवलो. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, “तुमी जेवला का?” मी म्हणालो, “व्हय.” म्हणायचं दुसरंच होतं, ते आता कुणाला सांगू.