पट्टीचं दुसरं टोक

आमच्या ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या शेडमधला वायंडर, म्हणजे कॉइल गुंडाळणारा, मला कधी कळलाच नाही. "आजऱ्याचा ट्रान्सफॉर्मर झाला का?" विचारलं, की "जेवलो की," म्हणायचा. मला वाटायचं, टिंगल करतोय.

परवा कागलचा ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला चालू केला. सगळे म्हणाले, आवाज बरोबर आहे. यानं लाकडी पट्टीचं एक टोक टाकीला लावलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले.

"आतली कॉइल सैल हाय. थरथरतीया. खोला."

खोलला, तर कॉइलची पाचर खरंच ढिली निघाली.

पाचर ठोकून ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू केला, तेव्हा पट्टी पुसून मीही दातात धरली. नुसत्या मुंग्या आल्या.

"मला काय कळंना," मी ओरडलो.

माझ्या ओठांकडं बघत तो म्हणाला, "तुमचं कान चांगलं हायत न्हवं. मग कसं कळंल?"