खंडेनवमीचा व्हिडिओ

राजवाडे सरांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा बघा तुमचा पेशंट.”

व्हिडिओ परवाचा, खंडेनवमीचा होता. भाऊसाहेब सीएनसी मशीनमध्ये अर्धा वाकून लोखंडाचा चुरा उपसत होता. मग गुडघ्यावर बसून त्याने मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकी घासली. मग स्टुलावर चढून मशीनचा माथा पुसला. शेवटी झेंडूची माळ बांधली, नारळ वाढवला आणि कॅमेऱ्याकडे बघून झकास हसला. मागे कोणीतरी शिट्टी मारत होतं.

“आणि आज?” सरांनी विचारलं.

“आज आलेला नाही.”

“काल दसऱ्याची सुट्टी, आज दांडी. मॅडम, चार्जशीट काढा.”

मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याची एचआर मॅनेजर आहे. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच बसलंय. चार्जशीट म्हटलं की लोकांना पोलीस आठवतात. आमची चार्जशीट वेगळी. कामगाराने अमुक गैरवर्तन केलं, असा तो लेखी आरोप असतो. मग कारखान्यातच चौकशी बसते, आणि आरोप सिद्ध झाला की माणूस घरी जातो. भाऊसाहेबावर मॅलिंगरिंगचा आरोप लागणार होता, म्हणजे आजारपणाचं सोंग. तो कलंक घेऊन त्याला एमआयडीसीत दुसऱ्या कुठल्या गेटवर कोणी उभं केलं नसतं.

भाऊसाहेब हे त्याचं बारशातलं नाव. आमच्या जिल्ह्यात रावसाहेब, अण्णासाहेब, भाऊसाहेब घरोघरी सापडतात. राजवाडे सर प्लँट हेड म्हणून पुण्याहून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “शॉप फ्लोअरवर एवढे साहेब आहेत, मग काम कोण करतं?” मी म्हटलं होतं, “तेच करतात, सर.”

हा भाऊसाहेब तर फारच करायचा. लग्नाआधीपासून एकाच मशीनवर. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, लोखंड कातून आकार देणारं लेथ. काम मशीन करतं खरं, पण त्याच्यात लोखंडाचा तुकडा लावायचा, काढायचा, मापायचा, हे ऑपरेटरने पूर्ण शिफ्ट उभं राहून करायचं असतं. मशीनच्या आवाजावरून त्याला टूल झिजलेलं कळायचं.

मग त्याला डेंग्यू झाला. ताप गेला, अशक्तपणा राहिला. महिने गेले तरी राहिला. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, हृदय तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की माणूस पेढे वाटतो, पण आजारी कामगाराच्या मागे मात्र त्याच दिवसापासून कुजबुज सुरू होते. कोणी म्हणालं टेन्शन, कोणी म्हणालं बायकोशी पटत नसेल, कोणी म्हणालं नजर. सुपरवायझर म्हणाला, “आळस, मॅडम. दुसरं काय?”

शेवटी नगरच्याच एका फिजिशियननी बाकीचे आजार एकेक करून बाजूला काढले आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं निदान केलं. भाऊसाहेबाला घेऊन मी स्वतः त्यांना भेटायला गेले होते. मलाही ते नाव गुळमुळीत वाटलं होतं.

“नावच फसवं आहे,” डॉक्टर म्हणाले. “थकवा तुम्हालाही येतो, मलाही येतो. झोपलं की उतरतो. याचा झोपून उतरत नाही. आणि याने ताकदीबाहेर काही केलं तर फटका त्याच वेळी बसेल असं नाही. पुष्कळदा एक-दोन दिवसांनी बसतो. अंग दुखतं, डोकं चालत नाही, उजेड आणि आवाज सोसत नाही.”

“व्यायाम करायला लावू का?”

“जोर करून तर मुळीच नको. त्याने बिघडेल.”

“औषध?”

“झोपेला, दुखण्याला आहे. मूळ आजार बरा करणारं अजून तरी नाही. त्याने पेसिंग शिकायचं. म्हणजे ताकद संपायच्या आधी थांबायचं. बरं वाटत असलं तरी थांबायचं.”

भाऊसाहेब लगेच म्हणाला, “म्हंजी उन्हाळ्यातली हीर. पाणी दिसतंय म्हनून मोटर चालूच ठिवली तर बुडाला जाते.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “आणि तुमच्या विहिरीचे झरे फार हळू पाझरतात.”

ऐकायला सोपं आहे. पण शेतकऱ्याच्या घरातल्या, जेवढे नग तेवढे पैसे अशा पीस रेटच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला बरं वाटत असताना थांबायला सांगणं म्हणजे पाप करायला सांगण्यासारखं आहे.

मी त्याला गेज रूममध्ये बसवलं. मापाची उपकरणं बरोबर माप दाखवतात की नाही, ते तिथे तपासतात. शांत खोली, एसी, खुर्ची. राजवाडे सरांनी नाराजीने ‘तात्पुरतं’ म्हणून मान्य केलं. भाऊसाहेब अर्ध्या दिवसाने घरी जायचा, मधूनमधून सुट्ट्या पडायच्या, पण गाडी चालली होती. त्याचं मशीन दुसऱ्या ऑपरेटरला दिलं.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रॉडक्शन बंद असतं. कितीही हाउसकीपिंगची माणसं ठेवा, आमच्याकडे प्रत्येक ऑपरेटर आपलं मशीन आपल्या हाताने धुऊन पुसून पुजतो. दुसऱ्याच्या मशीनला फडकं लावायचं नाही, हा अलिखित नियम. ज्याने पुजलं त्याचं ते मशीन. भाऊसाहेबाने सकाळी बरं वाटतंय असं बघितलं, गेज रूममधून उठला आणि आपल्या मशीनकडे गेला. नव्या ऑपरेटरने मुकाट्याने फडकं त्याच्या हातात दिलं. सुपरवायझरने शूटिंग करून ग्रुपवर टाकलं. पोरं खूश झाली. भाऊसाहेब बरा झाला, असंच सगळ्यांना वाटलं.

हे मी राजवाडे सरांना सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. “सर, तो परवा नाचला असता तरी मी आज हेच म्हटलं असतं. आज तो कसा आहे ते बघायला हवं.”

“मग बघू या. राहतो कुठे?”

“शनिशिंगणापूर.”

सरांचा चेहरा बदलला. त्यांना साडेसाती चालू होती. “आत्ताच निघू,” ते म्हणाले. “दर्शनही होईल.”

मी फोन उचलला, तर त्यांनी हात आडवा केला. “फोन नको. फोन केला की तयारी होते. आपण पोचेपर्यंत गडी अंथरुणात.”

न कळवता कोणाच्या घरी जायचं मला पटत नव्हतं. तसं मी म्हटलंही. पण ते ऐकेनात, आणि चार्जशीट टाळायची तर मला त्यांना तिथे न्यायलाच हवं होतं. घोडेगावला वळून रसवंत्यांच्या रांगेतून आम्ही शिंगणापुरात शिरलो. सरांनी आधी तेल घेऊ म्हटलं. मी म्हटलं, आधी भाऊसाहेब.

त्याची वस्ती गावाच्या कडेला आहे. घर पक्कं, रंग दिलेलं, पण शिंगणापूरचं. दाराला चौकट आणि चौकटीला पडदा. कुत्रं शिरू नये म्हणून खाली एक फळी आडवी लावलेली. सर बेल शोधायला लागले. मग टकटक करायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. टकटक करणार कशावर?

“भाऊसाहेब, आहात का?” मी हाक मारली.

उत्तर आलं नाही. तेवढ्यात वाऱ्याने पडदा उडाला आणि आम्हाला आतलं सगळं दिसलं.

खिडकीला गोधडी लावून खोलीत अंधार केला होता. भाऊसाहेब जमिनीवर गादीवर पडला होता. डोळ्यांवर टॉवेल. दाढी वाढलेली. ताटली बाजूला, भाकरीचा तुकडा तसाच. उशाशी आपट्याच्या पानांचा ढीग होता. आमचा आवाज ऐकून त्याने टॉवेल काढायला हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि पडला. परवा हाच हात मशीनचा माथा पुसत होता.

मागच्या बाजूने त्याची बायको सुरेखा धावत आली. पदराला हात पुसत हळूच म्हणाली, “या, बसा. पन बारीक बोला, सायेब. आवाज सोसत न्हाई त्यांना.”

आम्ही ओट्यावर बसलो. सर खरोखरच कुजबुजत बोलायला लागले. त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“कधीपासून असं?”

“परवा कामावरनं आले तव्हा लई खूश हुते. म्हनले, माझ्या मशीनची पूजा मीच केली. रातच्याला जेवले बी. दसऱ्याच्या सकाळी उठाया गेले, तर उठताच येईना. लोकं सोनं द्याया आली, ती उशाशी ठिवून गेली. संडासला न्यायला दिराला बोलवावं लागतं.”

“मग कशाला केली पूजा?” सरांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सुरेखा म्हणाली, “सायेब, त्यांचं मशीन हाय ना ते. आवंदा दुसऱ्यानं पुजलं असतं, तर ते दुसऱ्याचं झालं असतं. रोज घरी येऊन इचारायचे, माझं मशीन मला परत देतील का गं?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चहा नको म्हणाले. सुरेखाने ऐकलं नाही.

देवळात ते गेले, पण लगेच परत आले. तेलाची बाटली हातात तशीच होती. परतीला घोडेगाव मागे पडलं. मग सर म्हणाले, “चार्जशीट राहू द्या.” थोड्या वेळाने म्हणाले, “गेज रूमपुढचं ते ‘तात्पुरतं’ पण काढून टाका.”

पुढचं माझं रोजचं काम. गेज रूमची जागा कायमची केली. अर्धी शिफ्ट, मधे आडवं व्हायला खोली, आणि पडलेल्या दिवसांचा हिशेब आजारपणातच धरायचा. कॅन्टीनमध्ये एक-दोघे म्हणाले, आम्ही पण दमतो, आम्हाला पण खुर्ची द्या. राजवाडे सर तिथेच जेवत होते. “अवश्य,” ते म्हणाले. “आधी भाऊसाहेबाशी आजार बदलून घ्या.”

भाऊसाहेब कामावर आला तोपर्यंत थंडी पडली होती. तो बरा झालेला नाही, आजही नाही. त्याला त्याचं मशीन परत मिळणार नाही, हे मीच त्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. मग रडं आवरून तो भलत्याच गोष्टीवरून माझ्यावर चिडला.

“मॅडम, तुमी न कळवता आलात, ते बरोबर न्हाई केलं. पडद्यातनं तसल्या अवतारात सायबांनी बघितलं मला.”

“चुकलंच,” मी म्हटलं. “कळवलं असतं तर काय केलं असतंत?”

“आंगोळ केली असती. शर्ट घालून खुर्चीत बसलो असतो.”

“त्या दिवशी? बसता आलं असतं?”

“आलं असतं की अर्धा तास. मंग पडलो असतो आठवडाभर. पन सायेब दारात आल्यावर मानूस उठतोच.”

सरांना वाटलं होतं, फोन केला तर हा झोपून दाखवेल. आणि हा उठून दाखवणार होता. रीतीप्रमाणे कळवून गेलो असतो, तर शर्ट घातलेल्या, हसऱ्या भाऊसाहेबाबरोबर आम्ही चहा घेतला असता आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या चार्जशीटवर सही केली असती.

आता कोणी आजारी कामगार माझ्यासमोर येऊन बसला, तर आज कसं वाटतंय हे मी विचारत नाही. माझ्यासमोर सगळे बरे असल्यासारखेच दिसतात, तेवढ्यासाठी ते उठून आलेले असतात. मी दोन दिवस जाऊ देते आणि मग त्याच्या घरी फोन करते, बायकोला विचारते की इथून गेल्यावर काय झालं.