थर्मासचं झाकण
मुलांनो, तुम्ही आजोबांना बर्फ पाहायला बोलावलंत, म्हणून हे लिहिते. चाकणच्या शीतगृहात काम करताना त्यांच्या पायांवर जांभळे डाग उठले. डॉक्टर म्हणाले, "थंडीनं रक्तातली प्रथिनं गोठत असावीत. जुन्या काविळीचा विषाणू अंगात राहिला असेल तर होतं असं. नमुना लॅबला गरमच पोचवा. गार झाला तर ती प्रथिनं नळीतच गोठून तळाशी बसतील, आजार सापडणार नाही." कोमट पाण्याच्या थर्मासात रक्ताची नळी ठेवून मी रिक्षात बसले. तळवड्यात वाहनं अडली. भीतीनं मी सारखं झाकण उघडून पाणी चाचपत होते. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, चहा पिऊन टाका, निवंल न्हाई तर." "अहो, ह्यांचं रक्त आहे यात!" "मग झाकण लावा की आधी!" तो ओरडला. ते घट्ट लावून मी थर्मास पोटाशी धरला. आजार सापडला, औषध लागू पडलं. थंडी अजूनही सोसत नाही, म्हणून बर्फ पाहायला येणार नाहीत, पण आजोबा आहेत.