स्पिरिटने पुसलेलं लेदर

"जरा खाली ठेवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, ओळख नाही. खांद्याला पर्स लावलेली बाई समोर आली की त्या आधी पर्सकडे बघायच्या, मग बाईकडे. पर्स जमिनीवर टेकली की दोन पावलं मागे सरायच्या आणि मान तिरकी करून वाट बघायच्या. पर्स कलंडायची. "पडली," त्या म्हणायच्या, "सगळ्यांच्या पडतात."

तुम्हीही एकदा बघा. आपल्या बायकांच्या पर्सला उभं राहता येत नाही. ती भिंतीला टेकवावी लागते, नाहीतर मांडीवर धरावी लागते. माझं निम्मं आयुष्य पर्स मांडीवर धरून गेलं, पण त्यांनी सांगेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी बाळकुमच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला आहे, राहायला डोंबिवलीला. त्यांची आई आमच्याकडे बराच काळ दाखल होती. दर दोन-तीन दिवसांनी त्या माझ्या खिडकीशी यायच्या आणि बिलातली प्रत्येक ओळ समजावून घ्यायच्या. असे लोक इतरांना नकोसे होतात. मला बरे वाटतात. मी स्वतः वाण्याच्या यादीची बेरीज दोनदा करते. त्या मला 'बिलिंगताई' म्हणायला लागल्या आणि मग ते नाव सगळ्या मजल्यावर झालं.

आईच्या उशाशी बसून त्यांनी दुसरं काही केलं नसेल, पण सिस्टर लोकांच्या पर्स बघितल्या. ड्युटी बदलताना त्या पर्स प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लॉकरवर रचलेल्या असायच्या. एकीच्या पर्समध्ये डब्याखाली स्टेथोस्कोप, दुसरीच्या चपला आणि पोळ्या एकाच कप्प्यात, मधे फक्त वर्तमानपत्र. हे सगळं त्या मला वैतागून सांगायच्या. वीस वर्षं त्यांनी एका एक्स्पोर्ट कंपनीत लेदरच्या बॅगा डिझाइन केल्या होत्या. त्यातली एकही बॅग वापरात असलेली त्यांनी पाहिली नव्हती. "परदेशातल्या एकाही बाईने माझ्याकडे तक्रार केली नाही," त्या म्हणायच्या. "एकतर बॅगा चांगल्या असतील, नाहीतर त्यांना माझा पत्ता माहीत नसेल."

त्यांची आई गेली. काही महिन्यांनी त्या पुन्हा खिडकीशी दिसल्या, तेव्हा मला वाटलं काहीतरी दाखला हवा असेल. त्यांनी काउंटरवर एक बॅग ठेवली आणि हात काढून घेतला. बॅग उभी राहिली.

चिंचेच्या रंगाचं लेदर होतं. तळाला लेदरच्याच चार बुटक्या गुंड्या, म्हणजे बॅग जमिनीवर ठेवली तरी तळ टेकायचा नाही. डब्याचा कप्पा वेगळा, चपलांचा बाहेरून वेगळा. पेन, कात्री, ओळखपत्र न बघता हाताला लागेल अशा जागी. लॉकरच्या दाराला अडकवायला मागे एक पट्टा. सगळी शिवण हाताची. शीळफाट्याजवळ एक लहानसा गाळा भाड्याने घेऊन त्यांनी काम सुरू केलं होतं. जोडीला एक वयस्क कारागीर. कंपनीतली नोकरी त्यांनी आईच्या आजारपणात सोडलीच होती, आणि साठवलेलं सगळं या गाळ्यात घातलं होतं. हे चाललं नाही तर काय, हे मी विचारलं. चांगल्या बॅगेला गिऱ्हाईक असतं, एवढंच त्या म्हणाल्या.

गिऱ्हाईक मिळालं. पहिली बॅग आयसीयूच्या वैशाली सिस्टरने घेतली. तिची मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती, आणि बाळंतपणाच्या रजेनंतर ती नुकतीच कामावर परतली होती. मग तिचं बघून ओटीतल्या, लॅबमधल्या, फिजिओच्या दोघी. जेवणाच्या सुट्टीत बॅगा रांगेत उभ्या दिसायला लागल्या, आणि त्या स्वतः कधी आल्या तर दारातूनच ती रांग बघून परत जायच्या.

दोन-अडीच महिन्यांत बॅगा परत यायला लागल्या. फाटल्या नव्हत्या, एक टाका उसवला नव्हता. पण अंगावर पांढुरके डाग, कडांना रंग उडालेला, जणू कोड फुटलं होतं. आधी त्यांनी चामडं देणाऱ्याला फोनवर भरपूर ऐकवलं. मग कारागिराशी अबोला धरला. शेवटी वैशालीला माझ्या खिडकीशी गाठून विचारलं की बॅगेला नेमकं काय लावता.

"काही नाही लावत. स्पिरिटने पुसते," ती म्हणाली.

"कधी?"

"रोज. घरात शिरायच्या आधी."

लेदरला स्पिरिट चालत नाही, हे त्यांनी तिला समजावलं. रंग सुटतो, तेल निघून जातं, चामडं कोरडं पडतं. ओल्या फडक्याने पुसा, फार तर. त्या बराच वेळ बोलत होत्या आणि वैशाली ड्युटीवरून सुटलेली, डोळे मिटत होते तिचे. ऐकून घेऊन ती म्हणाली, "ताई, तुमचं सगळं बरोबर. पण मी दिवसभर कुठे उभी असते ते तुम्ही बघितलंय ना? घरी गेले की पोर आधी पर्सवर झेप घेते, पट्टा तोंडात घालते. मी पुसणार. तुमचं लेदर राहो नाहीतर जावो."

ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं. आई तिथेच होती ना माझी."

मग त्यांनी लेदरवर पारदर्शक लेप चढवून बघितला. डाग पडेनात, पण हात लावला की रेक्झिन वाटायचं. ओटीच्या इन्चार्ज सिस्टर सरळ म्हणाल्या, मग रेक्झिनच घेतो की, स्वस्त पडेल. तो लेप त्यांनी बंद केला.

खोळ सुचवली मी. आमच्या घरात मिक्सरला खोळ आहे, शिवणयंत्राला आहे, रिमोटला प्लास्टिकची आहे. सोफ्याचं खरं कापड कुठल्या रंगाचं आहे ते नवऱ्याला विचारलं तर सांगता येणार नाही. तेव्हा मी सहज म्हटलं, बॅगेला सुती खोळ शिवा, घरी गेल्यावर काढून धुवायला टाकतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बिलिंगताई, लोक दिसावं म्हणून लेदर घेतात." पण पंधरवड्याने जाड खादीची खोळ शिवून घेऊन आल्या. करायचं तर नीट करायचं हा स्वभाव. खोळीलाही सगळे कप्पे, सगळे पट्टे, बॅगेच्या मापाबरहुकूम.

खोळ सगळ्यांना आवडली. इतकी, की नव्या आलेल्या मुली विचारायला लागल्या, नुसती खोळ मिळेल का. हलकी आहे, धुता येते, आतली बॅग कशाला. पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा त्या हसल्या. नंतर हसणं थांबलं. त्या वर्षी त्यांनी लेदरच्या बॅगांपेक्षा खोळीच जास्त शिवल्या. गाळ्यात कातडी गुंडाळून वर माळ्यावर गेली आणि खाली खादीचे तागे आले. आमची स्टाफची बस शीळफाट्याला हमखास अडकते. मी कधीकधी उतरून त्यांच्याकडे चहा घ्यायचे. कारागीर तोवर गावी निघून गेला होता. "कापड शिवायला मी कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "डोंबिवलीत गल्लीगल्लीत टेलर आहेत." चेन्नईच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं, तयार माल तपासायच्या कामाचं. त्यांनी हो कळवलं होतं. गाळा महिनाअखेर सोडायचा होता.

त्याच महिन्यात ओटी इन्चार्जच्या मुलीचं लग्न डोंबिवलीत झालं. माझ्याबरोबर त्याही आल्या होत्या. हॉलमध्ये आमच्या हॉस्पिटलच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या, पैठण्या नेसून, आणि प्रत्येकीच्या खुर्चीशी त्यांची बॅग उभी होती. खोळ काढलेली. चिंचेच्या रंगाच्या सात-आठ बॅगा, एक ओरखडा नाही, दुकानातून आत्ता आणल्यासारख्या. मी कौतुकाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या खूप थकलेल्या दिसल्या.

"अंगाला लागलंच नाही हे कुणाच्या," त्या हळूच म्हणाल्या. "कपाटात ठेवायची वस्तू झाली."

तेवढ्यात वैशाली आली, ड्युटीवरून तशीच, केस कसेबसे बांधलेले. तिने कधी खोळ घेतलीच नव्हती. आणखी एक कपडा कोण धुणार, असं तिचं म्हणणं. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मूळ रंगाचा आता मागमूस नव्हता. रोज पुसून पुसून सगळे डाग एकमेकांत मिसळले होते आणि सगळी बॅग फिक्या चहाच्या रंगाची झाली होती. चामडं कोरडं पडून भेगाळायला हवं होतं, पण हात लावला तर मऊ. त्यांनी खाली बसून ती चाचपली, वास घेतला. विचारलं, याला काय लावता?

वैशाली ओशाळली. रविवारी मुलीच्या डोक्याला खोबरेल लावते, म्हणाली, मग तोच हात बॅगेवरून फिरवते. हात पुसायला बरं पडतं.

त्या वर बघेनात. तळहात बॅगेवर तसाच ठेवून म्हणाल्या, "ही मला द्या. हिच्या बदल्यात नवी देते, न रंगवलेल्या लेदरची. म्हणजे डाग पडायला रंगच नको."

"नवी नको ताई."

"अहो, पैसे नाही मागत मी."

"पैशाचं नाही. हिच्यात मला सगळं न बघता सापडतं," वैशाली म्हणाली. "ही लागलीय मला आता."

परत जाताना मी त्यांच्याबरोबर रिक्षात होते. त्या म्हणाल्या, "नाही म्हणाली." एवढंच, आणि बाहेर बघत बसल्या. चेन्नईला नाही कळवा, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अजून दोन वर्षं गाळ्याचं भाडं काढायची ताकद अंगात नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मी आकड्यांची बाई. त्यांच्या आकड्यात मला चूक सापडली नाही.

गाळा सोडायच्या दिवशी मी बसमधून उतरून गेले. आत काही उरलं नव्हतं. मधोमध वर्तमानपत्रावर वैशालीची बॅग होती आणि त्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. बॅग त्यांनी एका दिवसापुरती मागून आणली होती. एका गुंडीचा टाका सैल झाला होता, तो घट्ट केला होता, आणि आता वाटीतलं तेल तळहाताने जिरवत होत्या, कडेकडेने, सावकाश.

वैशाली न्यायला आली. बॅग खांद्याला लावून तिने पट्टा सारखा केला, दारापर्यंत गेली आणि घुटमळली. "ताई, आज लगेच पुसू ना? की तेल मुरू देऊ?"

त्यांनी तेलकट हात पदराला पुसले. "पुसा," म्हणाल्या. "घरात शिरायच्या आधी पुसा. रोज पुसा."