कढीतले थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धं घरात माहीत आहे. उरलेलं अर्धं घरातही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही.

मी मुंबईत नाहूरला राहतो. स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून सव्वीस वर्षं झाली. कुठली गोळी कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, हे दिवसभर लोकांना सांगतो. लोक विश्वास ठेवतात. हे आधीच सांगून टाकतो — मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझी मुलगी केतकी एकोणिसाव्या वर्षी आजारी पडली. त्याआधी मुलुंडच्या तरणतलावावर रोज पोहायची, कॉलेजसाठी पदकं आणायची. मग पाण्यात उतरेनाशी झाली. समोरच्या बिल्डिंगमधले लोक आपल्याबद्दल बोलतात, म्हणायची. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. एका दुपारी ‘ते आले’ म्हणत अनवाणी रस्त्यावर धावत सुटली आणि रिक्षाखाली येता येता वाचली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण वजन वाढलं, सकाळी डोळे उघडेनात. आठ-नऊ महिन्यांनी ग्रिलमधल्या कोरफडीच्या कुंडीत माती उकरताना मला गोळ्या सापडल्या. पंधरा-वीस तरी. आमच्यासमोर तोंडात टाकायची आणि नंतर तिथे पुरायची.

तिच्याशी बोलायला हवं होतं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी काय केलं? तिला पुन्हा तशी धावताना बघायची माझी हिंमत नव्हती — नाही, ही सबब झाली. मी दुकानातून तेच औषध थेंबांचं आणलं आणि संध्याकाळच्या जेवणात तिच्या सोलकढीत घालायला लागलो. कोकमाच्या आंबटपणात बरंच काही लपतं. कढी मीच करायचो. माझी बायको सुषमा शेजारणींना कौतुकाने सांगायची, लेकीसाठी बाप कढी शिकला.

केतकीच्या जिभेला मात्र कळलं. चौथ्या दिवशीच म्हणाली, “पप्पा, कढीत काहीतरी आहे. कडवट लागतंय.”

आणि मी म्हणालो, “काही नाही गं. आजारामुळे वाटतं तुला तसं.”

हे वाक्य मी वर्षभर म्हणत राहिलो. ज्या मुलीला खरं काय आणि भास काय हेच उमगत नव्हतं, तिला एक खरी गोष्ट बरोबर कळली होती — आणि तीही मी तिच्या भासांत ढकलली. डॉक्टरांच्या कागदावर ओळ चढली : जेवणात काही मिसळतात असा संशय. आजार वाढला असं समजून त्यांनी गोळीचा डोस वाढवला. गोळ्या कुंडीतच जात होत्या, म्हणून मग मी थेंब वाढवले.

औषध लागू पडलं. हे मला नाकारता येत नाही. चिकटपट्ट्या निघाल्या. आईबरोबर बाजारात जायला लागली. एक दिवस पोहायचा जुना ड्रेस घट्ट होतो म्हणून नवा घेऊन आली आणि तलावावर गेली.

आणि मग ती तपासणी. डॉक्टरांसमोर ती आपणहून म्हणाली, “मला कढी कडवट लागायची ना, तो भास होता. आता कळतं मला. अजूनही लागते, पण मी स्वतःला सांगते, हे खरं नाहीये.”

डॉक्टर खूश झाले. हे तुझं तुला कळलं, ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाबांचंही कौतुक आहे.”

मी शेजारच्या खुर्चीत होतो. मान हलवली. हसलोसुद्धा. तुम्ही कधी आपल्या मुलीला, ती बरोबर असताना, आपलं चुकलं असं कबूल करताना ऐकलंय? आणि त्यावर शाबासकी घेतलीय — मुकाट्याने?

त्यानंतर तीन महिन्यांनी तिला पोहायला शिकवणाऱ्यांच्या कोर्सला प्रवेश मिळाला. पुण्याजवळ, सहा आठवडे तिथेच राहायचं. सुषमाने बिल्डिंगभर पेढे वाटले. माझ्या डोक्यात एकच — तिथे कढी कोण करणार?

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाटली दोघींसमोर टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सगळं, कुंडीपासून.

सुषमा चिडली की मालवणीवर येते. “तुमका लाज कशी नाय वाटली?” एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. केतकी बाटलीकडे बघत राहिली. ती रडेल, ताट भिरकावेल असं मी धरून चाललो होतो. तिने झाकण उघडलं, एक थेंब बोटावर घेतला आणि चाटला.

“हीच,” म्हणाली. “आई, हीच चव. मला खरंच लागत होती.”

मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. “म्हणजे माझं डोकं सगळंच खोटं सांगत नव्हतं.” पदक गळ्यात घालून घरी यायची तेव्हासुद्धा तिचा चेहरा मी असा पाहिलेला नाही. जिंकली होती ती — माझ्याविरुद्ध.

राग नंतर आला, आणि पुरेपूर आला. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. कुंडीतल्या गोळ्यांचं तिने सांगितलं, थेंबांचं मला सांगायला लावलं. डॉक्टर मला जे बोलले ते मी ऐकून घेतलं. मग मला बाहेर बसवून ते दोघंच बोलले. ती वेगळं औषध लिहून घेऊन आली — वजनाला कमी त्रासाचं — आणि दारातच म्हणाली, “गोळी माझी आहे. मी घेणार. तुम्ही विचारायचं नाही.”

विचारलं नाही. दोन महिने तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा स्वतः ओतून घ्यायची. कोर्सची पहिली बॅच हुकली. नवं औषध लागू पडल्यावर दुसऱ्या बॅचला गेली.

आता ते उरलेलं अर्धं. निघायच्या सकाळी बॅग भरता भरता तिने विचारलं, “पप्पा, शेवटी का सांगितलंत?” मी म्हणालो, “मन खात होतं.” मी केलेला डबा तिने उचलून बॅगेत ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मन खात नव्हतं. कोर्स मुलुंडला असता तर मी बोललोच नसतो. आजही संध्याकाळी कढी ढवळत बसलो असतो, आणि ती आजही स्वतःच्या जिभेला खोटं पाडत बसली असती. माझ्या थेंबांची सोय होईना म्हणून मी खरं बोललो. हे तिला माहीत नाही. तिने तो डबा घ्यावा, एवढा माझा हक्क नव्हता.

केतकी आता तेवीसची आहे. सकाळी तलावावर बायकांच्या बॅचला शिकवते. मागच्या आठवड्यात मी पायऱ्यांवर बसून बघत होतो. त्या बॅचमध्ये सुषमा आहे — मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेली आणि जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेली. केतकी छातीभर पाण्यात उभी होती, आईच्या पाठीखाली तळवा धरून. “मान सैल सोड. मी आहे. आता हात काढतेय, सांगून काढतेय.”

तिने हात काढला. सुषमा तरंगली. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझी लेक कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिली की जणू तो सगळा तलाव तिने बांधलाय.

हे सगळं तिचं आहे. माझा त्यात वाटा काय, ते मी वर लिहिलं आहे.