बोट कुणाचं, गोळी कुणाला

आमच्या उपकेंद्रात गोळ्यांचा स्टॉक कधी संपेल सांगता येत नाही, किश्श्यांचा मात्र संपता संपत नाही! दोंडाईच्याच्या अलीकडच्या गावांत मी सिस्टर म्हणून फिरते. पोटुशी बाई दिसली की बोटाला सुई टोचायची, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं, रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायच्या. अकराच्या वर आलं की मी खूश. सातवर आलं की माझी झोप उडते, कारण अशा बाईचं बाळंतपणात थोडं जरी रक्त गेलं तरी जिवावर बेततं. पण गावाला त्याचं काय!

एकीला बजावलं, "रोज काहीतरी हिरवं खात जा."

"मी खास ना सिस्टर, दोन्ही टाइम! हिरवी मिरचीना ठेचा!"

दुसरीला सांगितलं, गोळी चहासोबत घेऊ नकोस, गुण येत नाही. पुढच्या आठवड्यात म्हणते कशी, "आते चहासंगे नही लेस. बिस्किटसंगे लेस!"

"आणि बिस्किट?"

"ते चहामा बुडाडीसन!"

एका गॅरेजवाल्याची बायको घाबरली, गोळ्यांनी शी काळी होते म्हणून. हा पठ्ठ्या हातातला पाना घेऊनच धावत आला. "सिस्टर, बाईनं ऑइल काळं पडी गयं!" मी म्हटलं, तसं होतंच, गोळी चालू ठेवा. त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे इंजिन खोलनं पडत नही ना?"

आता सुनंदाचं ऐका. सहावा महिना. घरी गेले तर सून हनुवटीपर्यंत पदर ओढून बसलेली, फक्त एक हात बाहेर. टोचलं, तर साडेबारा! मी शाबासकी देतेय तोवर आतून खरी सुनंदा पोट सांभाळत आली. "सिस्टर, पानी ल्या." पदराखाली होती तिची जाऊ! सुनंदाच्या सासूला, अक्काला, रक्त कमी निघालं तर सून धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतील याची धास्ती. पकडली गेल्यावरही अक्का ढिम्म. "घर एकच शे, रगत बी एकच!"

खऱ्या सुनंदाचं निघालं सात.

मग मी हात धुऊन मागे लागले. दर आठवड्याला गोळ्या दिल्या, रिकाम्या स्ट्रिप मोजून घेतल्या. दोन महिने झाले, आठवा संपत आला, तरी आकडा सातच. मला रडू यायचं बाकी होतं. यांच्या घरातच काही खोट आहे का बघू म्हणून त्या दिवशी अक्काचंही बोट टोचलं.

बारा!

"अक्का, तुम्ही खाता तरी काय?"

"काही नही वो. सून रोज गुडघानी लाल गोयी देस. गुडघा तं दुखसच, पन आते दोन हंडा पानी एकलीच भरस. दम म्हनीसन लागत नही!"

मी सुनंदाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"अक्काले पायरी चढता दम लागे," ती पुटपुटली. "लाल गोयी गुडघानी शे म्हनी, तवय लिधी त्यास्नी."

मी इतकी चिडले की काय सांगू! "उद्याच हिला धुळ्याला न्या. आता रक्ताची बाटलीच चढवावी लागेल!"

अक्का म्हणाल्या, "उद्याच नेसू धुयाले." माझ्या हातातली स्ट्रिप घेतली, गोळी फोडून सुनेच्या तोंडात कोंबली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गिय. आजपाईन गुडघा तुना दुखतस!"