रिबकाबाई आणि कलिंगडाचा महिना

सोमवारी दुपारी रिबकाबाईंच्या मुलाचं पत्र आलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घातली, आमच्या दाराशी आल्या आणि आईला म्हणाल्या, "सुमनच्या आई, घरात काकडी आहे का?"

काकडी होती. आईनं दिली. रिबकाबाईंनी ती तिथेच पायरीवर बसून, सालासकट आणि मिठाशिवाय खायला घेतली. अर्धी झाल्यावर थांबल्या, उरलेल्या अर्धीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दहापैकी दोन." मग तीही संपवली.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी पुस्तक मिटलं. रिबकाबाई वेड्यासारखं काही करत असल्या, तरी त्यामागे नेमका विचार असतो हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर मुलींच्या शाळेत होते. मी मराठी शिकवत असे, त्या शिवण. गळ्यात मोजपट्टी कायम. बाजारात जाताना, सिनॅगॉगला जाताना, एकदा तर शाळा तपासणीसांसमोरही ती तशीच लोंबत होती. ते त्यांना काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब आहे," आणि मोजून दाखवली. तपासणी लवकर संपली.

पनवेलमध्ये बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, बरीच घरं होती. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. घरात मराठी, जेवणात भाकरी आणि मासळी. रिबकाबाई तशाच. नवरा वारल्यावर त्यांनी एकुलत्या एका मुलाला, दानूला, शिवणकामावर वाढवलं. तो चार वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, तिकडे लग्न केलं, मुलगी झाली. रिबकाबाई इथे, आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत, एकट्या.

संध्याकाळी त्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं. दानूनं लिहिलं होतं, 'आई, आता इकडे ये. पण आधी एक कर. इथून काही जण परत गेले, ते तुलाही माहीत आहे. थंडी सोसली, भाषा सोसली, जेवण सोसवलं नाही. इथे सकाळी भाकरी नाही, बोंबील नाही. कच्ची काकडी, टोमॅटो, कांदा आणि चीज. उन्हाळ्यात आम्ही खारट चीज तळतो आणि कलिंगडात घालतो. तू महिनाभर सकाळी हेच खाऊन बघ. जमलं तर लिही, मी सोय करतो. खोटं मात्र लिहू नकोस.' खाली चीज घरी कसं करायचं तेही होतं. दूध लिंबानं फोडायचं, फडक्यात बांधून पाणी काढायचं, मीठ लावून वजनाखाली ठेवायचं.

शेवटचं वाक्य त्यांना झोंबलं होतं. "खोटं लिहू नकोस म्हणे! वीस वर्षांत एका मुलीच्या काजाला मी जास्तीचा मार्क दिला नाही, आणि हा मला सांगतो." मग त्यांनी एकरेघी वही काढली, तारखा घातल्या, पुढे मार्कांचं घर आखलं. "पाचाच्या वर सरासरी आली तर पास. सुट्टीच लागलीय, होऊन जाऊ दे."

काकडी, कांदा, कलिंगड, सगळं मिळत होतं. अडलं ते दुधापाशी.

सुकापूरहून सायकलवर दूध घेऊन येणारा बाळाराम आमच्या दोन्ही घरी रतीब घालत असे. रिबकाबाईंनी त्याला सरळ सांगितलं, "उद्यापासून शेरभर जास्त घाल. मला ते फोडायचंय."

बाळारामनं माप खाली ठेवलं. "फोरायचं? मुद्दाम?"

"मुद्दाम. लिंबू पिळून."

"नाय बाई. दूद कोन फोरतं का? माजी म्हस आटल ना. लिंबू पिल्लात तुमी, आन् भोगनार ती?"

"अरे, तिला कोण सांगणार आहे?"

"तिला सांगाया नाय लागत. तिला समजतं." त्यानं माप उचललं. दुसऱ्या दिवसापासून तो रिबकाबाईंच्या दारासमोरून घंटी न वाजवता जायला लागला. चहापुरतंही दूध देईना. गावातल्या दुसऱ्या गवळ्यालाही त्यानं सावध केलं होतं.

माझ्या आईचं मत बाळारामच्या बाजूचं होतं. "नांदत्या घरात दूध मुद्दाम नासवत नाहीत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. देवाला शिळी फुलं वाहत नाहीत, तसं तिनं ते सांगितलं.

रिबकाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी फक्त पत्राबरोबर आलेला फोटो आईपुढे धरला. दीड-दोन वर्षांची एक जाड गालांची मुलगी, डोक्यावर टोपी, तोंड रडकं. "परीक्षाच झाली नाही, तर निकाल काय लिहू?" त्या म्हणाल्या. आईनं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "नाक तुमचं आहे," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आमचं दूध तापवलं नाही. मे महिना होता. पातेलं तिनं खिडकीत उन्हात ठेवलं आणि विष्णुसहस्रनाम म्हणत बसली. मी म्हटलं, "आई, दूध तापवायचं राहिलं." ती म्हणाली, "माझ्या लक्षात नाही." दुपारी तिनं ते चुलीवर ठेवलं आणि ते अर्थातच फाटलं. "बघा हो!" ती मोठ्यानं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली. "माझा मेलीचा विसराळूपणा! आता याचं काय करायचं?"

पलीकडून आवाज आला, "फडकं आणू का?"

त्यानंतर महिनाभर आई रोज विसरत होती. लिंबाचा थेंब कुणी पिळला नाही. बाळारामच्या म्हशीला समजण्यासारखं काही घडतच नव्हतं.

पुढची अडचण तळण्याची. रिबकाबाईंच्या धर्मात दुधाला मांसाचं भांडं चालत नाही, आणि त्यांच्या एकुलत्या तव्यावर मटणापासून मासळीपर्यंत सगळं झालेलं. आमचा तवा त्यांना चालणारा होता. तो जन्मात तसल्या कशाला लागलेला नव्हता. पण मासळीच्या घरात गेलेला तवा आईला परत घेता आला नसता, आणि आमच्या स्वयंपाकघरात रिबकाबाई आलेल्या आईला चालल्या नसत्या. आई वाईट नव्हती. तिला असंच शिकवलं होतं. मला मात्र लाज वाटायची. मी तसं बोलले तेव्हा रिबकाबाईंनी मलाच गप्प केलं. "तू मध्ये पडू नकोस. तिचे नियम, माझे नियम, दोघींचे मिळून वाट निघतेय, ते बघ."

वाट निघाली ती अशी. चुलीपाशी आई, उंबरठ्याबाहेर पाटावर रिबकाबाई. आई तळणार, त्या सांगणार.

"तुकडे पाऊण इंचाचे हवेत, सुमनच्या आई."

"मी काय पोलकं बेततेय?"

"बेतायला हरकत नाही. तूप जास्त झालं. आता परता. तो डावीकडचा काळा पडतोय."

"मला दिसतंय."

"दिसतंय तर परता की!"

"रिबकाबाई, उंबरठ्याच्या आत यायचं नाही हं."

"मी कुठे येतेय? नुसती जीभ येतेय."

आई तळलेले तुकडे ताटलीत घालून उंबरठ्याबाहेर सरकवायची. बाहेर रिबकाबाईंच्या कल्हईच्या वाडग्यात कलिंगडाच्या फोडी, काकडी, पांढरे जांब आणि कर्नाळ्याकडून आदिवासी ठाकरणी आणत त्या करवंदांचे बिया काढलेले अर्धे तुकडे तयार असत. वर पुदिना हातानं फाडलेला, लिंबू, मिरपूड. त्यावर ते गरम तुकडे पडले की त्या लगेच खात, कारण दानूनं लिहिलं होतं, गार होऊ द्यायचं नाही. मीही खाल्लं. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, खारट आणि गरम. त्याच घासात कलिंगड गार आणि गोड. मला पहिल्याच दिवशी आवडलं. रिबकाबाईंनी तीन दिले.

"तीनच?"

"तुझ्या आईच्या तळण्याला आठ. पण प्रश्न तिचा नाही, माझ्या जिभेचा आहे. ही सकाळी बोंबील मागते."

शनिवारी त्या चूल पेटवत नसत, दुसऱ्याकडूनही तळून घेत नसत. मग शुक्रवारचे तुकडे शनिवारी गार खात. "पेन्सिलीमागचं रबर," पहिल्या शनिवारी त्या चावता चावता म्हणाल्या, "लहानपणी खाल्लंय मी. ते बरं होतं." मार्क एक.

आई मात्र त्यातलं काही तोंडात घालत नव्हती. नासकं ते नासकं. एकादशीच्या सकाळी ती वरईचे तांदूळ निवडत होती, तेव्हा रिबकाबाई पाटावरून म्हणाल्या, "तुम्हाला आज फळं चालतात ना?"

"चालतात."

"दूध? साजूक तूप? सैंधव?"

"चालतं. का?"

"माझ्या वाडग्यात दुसरं काय असतं? आज मिरपूड नको, पुदिना नको. माझा हातही नको. तुमच्या हातानं, तुमच्या भांड्यात करा."

आईनं बराच वेळ शंका काढायला जागा शोधली. मिळाली नाही. तिनं वाटीभर करून खाल्लं, पुन्हा अर्धी वाटी घेतली आणि म्हणाली, "उपासाला बरं आहे." पुढच्या पंधरवड्यात तिला आणखी दोन उपास आठवले.

याच दिवसांत दोघी एकमेकींच्या झाल्या. तोवर पाच वर्षं शेजार होता; बोलणं पाणी आलं का, कपडे वाळले का एवढंच. आता सकाळी चुलीपासून उंबरठ्यापर्यंत तास तास गप्पा चालत. आई माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजाराबद्दल कधी माझ्याशीही बोलली नव्हती, ती तुकडे परतताना रिबकाबाईंशी बोलली. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसलेली होते. पान उलटलं नाही.

चौथ्या आठवड्यात मार्क वाढायला लागले. चार, पाच, एकदा साडेपाच. रिबकाबाई वहीत आकडा लिहून चष्म्यावरून बघायच्या, खूश दिसायच्या. आई त्या वेळी चूल सारवायला घ्यायची.

मग एके दिवशी आईनं मीठ लावलेलं चीज फारच खारट झालं. दुसऱ्या दिवशी खारटच, आणि तळ करपलेला. तिसऱ्या दिवशी तर तुकडे काळे कोळसा. पन्नाशी उलटलेल्या माझ्या आईच्या हातून आयुष्यात कधी पोळी करपली नव्हती. ती ताटली सरकवताना म्हणाली, "आज काय झालं कोण जाणे. राहू दे, नका खाऊ. नाही जमत तर नाही. इथे काय वाईट आहे तुमचं?"

रिबकाबाईंनी ताटली घेतली. सगळे तुकडे खाल्ले, कलिंगडाचं उरलेलं पाणी प्याल्या, हात धुतले. मी त्यांच्याबरोबर त्यांच्या खोलीत गेले. वहीत त्यांनी 'दोन' लिहिलं.

"आई मुद्दाम करपवतेय," मी म्हटलं.

"मला काय नाक नाही?"

"मग हे मार्क धरू नका."

"का नको? खाल्लं मीच ना? तिथे सूनही करपवेलच की कधीतरी." मग वही मिटत म्हणाल्या, "मला कळलंय, हे तिला सांगू नकोस. बाई दुसऱ्यांदा एकटी पडतेय."

महिना संपला. बेरीज केली, दिवसांनी भागलं. तीन पूर्णांक काहीतरी. नापास. मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला, आणि झाल्याची शरम वाटली. रिबकाबाईंनी त्याच संध्याकाळी दानूला पत्र लिहिलं आणि पाकीट बंद करण्याआधी शुद्धलेखन बघायला मला दिलं. पाचच वाक्यं होती. 'परीक्षा दिली. नापास झाले. मार्क खरे आहेत. येते. तयारी कर.'

"नापास झालात, तरी?" मी विचारलं.

"सुमन, आपण नापास मुलीला काय करतो? घरी बसवतो? त्याच वर्गात पुन्हा बसवतो. मी बसेन तिथे जाऊन. माझी नात शिकेल, मी शिकेन." आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "दानूला वाटलं, आवडलं तर आई येईल. आवडण्याचा काय संबंध?"

कागदपत्रं व्हायला पावसाळा गेला. जायच्या दिवशी त्या आईचा निरोप घ्यायला आल्या आणि नेहमीच्या जागी थांबल्या. आई चुलीपासून उठली. "आत या," ती म्हणाली. तिनं हे म्हणायला किती दिवस घेतले होते, ते मला माहीत आहे.

"नको," रिबकाबाई हसल्या. "आता इथली सवय झालीय. इथून तुम्ही पूर्ण दिसता." मग आईच बाहेर आली. दोघी पायरीवर बसल्या, एसटीची वेळ होईपर्यंत. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. सामान मोजत होते.

आठ वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. शेवटचं पत्र गेल्या महिन्यात आलं, ते दानूचं. रिबकाबाई सकाळी गेल्या, न्याहारी झाल्यावर. त्यानं लिहिलं आहे, 'आईला इथलं जेवण शेवटपर्यंत आवडलं नाही. आणि परत जाते असं ती एकदाही म्हणाली नाही. तुमच्या आईंना हे सांगा.'

आई मागच्या वर्षी गेली; तिकडे कळवायचं माझ्यानं झालं नव्हतं. पलीकडच्या खोलीत आता एक तलाठी राहतात. दानूच्या पत्राला उत्तर मी लिहायचं आहे. दुसरं कोणी राहिलेलं नाही.